आधी शांतता, मग ताट

“ह्या बाई शिकवतात म्हणे. मला वाटलं, कल्हईवाल्या आहेत.”

ठाण्याहून आलेल्या संघाच्या बाकावर कोणीतरी हे म्हणालं आणि सगळा बाक खुदखुदला. गुण लिहिण्याचं टेबल त्या बाकाला अगदी खेटून मांडलं होतं आणि टेबलाशी मी बसले होते, म्हणून मला ते ऐकू आलं. मी मान खाली घालून कागदावर एक रेघ उगाच पुन्हा गिरवली. हसू तर मलाही आलं होतं, पण परक्या बाकाच्या विनोदाला हसणं बरं दिसलं नसतं.

बोलणारीचं तसं फार चुकलं नव्हतं. मैदानाच्या पलीकडे, रेषेला लागून अंथरलेल्या सतरंजीवर टिपणीसबाई मांडी घालून बसल्या होत्या. पांढरं पातळ, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, नाकावर घसरलेला चष्मा. पुढ्यात पितळेची ताटं, दोन पराती, एक खलबत्ता आणि पळ्या-उलथन्यांचा ढीग. मागं आमच्या शाळेच्या मुली ओळीनं बसलेल्या. अनोळखी माणसाला वाटलं असतं, इथं जेवणावळ उठणार आहे.

ते वाक्य बाईंनी ऐकलं असतं तर सगळ्यांत आधी त्याच हसल्या असत्या. पण ते त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. मैदान रुंद होतं म्हणून नव्हे. खरं कारण पनवेलमध्ये दोघींनाच माहीत होतं, बाईंना आणि मला.

बाई आमच्या शाळेत मुलींना स्वयंपाक आणि शिवण शिकवायच्या. वेळापत्रकात ह्या विषयाला मोठं भारदस्त नाव होतं, पण मुली त्याला ‘फोडणीचा तास’ म्हणत आणि बाईंची त्याला हरकत नसे. मी त्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. वडील मिठाच्या खात्यात. त्यांची बदली पनवेलला झाली, आम्ही वडाळे तळ्याजवळ जागा घेतली, आणि मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी अचानक मराठी शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले. मराठी माझ्या घरचीच भाषा. पण ती बाहेर काढायची सवय नव्हती, ठेवणीतल्या साडीसारखी ती घडीतच असायची. त्यातून माझा आवाज मुळातच लहान.

पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं.

“काय?”

“नलिनी.”

“मोठ्यानं, पोरी! नाव मला सांगतेयस की मनातल्या मनात देवाला?”

सगळे हसले. माझे कान तापले. त्या दिवसापासून ‘मोठ्यानं, पोरी’ हे माझ्या वाट्याला आलेलं दुसरं नावच झालं. मी काहीही बोलले की बाई उजव्या कानामागं हात धरायच्या आणि तेच म्हणायच्या. सहकाऱ्यांना वाटे, बाई नव्या मुलीची भीड मोडताहेत. मलाही तसंच वाटे, आणि थोडा रागही येई.

एकदा मला अंगात कसकस वाटत होती. तास घ्यायला जमणार नाही असं सांगावं म्हणून मी बाईंना म्हटलं, “बाई, मला ताप आहे.”

“ताक? हात्तिच्या, मग मागायचं नाही का?”

त्या उठून गेल्या आणि पेला भरून ताक घेऊन आल्या. वर चिमूटभर जिरेपूड. नको म्हणायला मला दुसऱ्यांदा बोलावं लागलं असतं, म्हणून मी ते पिऊन टाकलं. संध्याकाळी आई कपाळाला हात लावून म्हणाली, “तापात ताक? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” आता हिला काय सांगायचं!

बाईंच्या काही सवयी मजेशीर होत्या. तांबट आळीत भांडं घ्यायला गेल्या की दुकानदार वजन सांगायच्या आत त्या बोटाच्या पेरानं ताट वाजवायच्या आणि ते गार ताट स्वतःच्या जबड्याला टेकवून डोळे मिटायच्या. “हं. हे गोड आहे.” किंवा, “हे चिडकं. ठेवा आत.” दुकानदारही आता बाई आल्या की दोन-चार ताटं पुढ्यात मांडून गप्प उभा राही. वर्गात त्यांना टाचणी पडली तरी कळेल अशी शांतता लागे. एका वेळी एकाच मुलीनं बोलायचं, तेही उभं राहून आणि बाईंकडे तोंड करून. असं असून मैदानावरच्या आवाजाची सगळी सूत्रं त्यांच्याच हाती असत. मुलींना ह्याचं नवल वाटे. “बाई, वर्गात एवढी शांतता आणि इथं एवढा गोंधळ?” असं कोणी विचारलं की त्या म्हणत, “गोंधळ? मी गोंधळ करते? मी स्वयंपाक करते. कधी काय टाकायचं ते ठरलेलं असतं.”

शाळेत बास्केटबॉल आणला सावंतसरांनी. सर बोलत कमी आणि शिट्टी जास्त वाजवत. मुरुमाचं मैदान, दोन लाकडी खांब, चुन्याच्या रेषा. चुना संपला की चांगुणा तिच्या गावच्या मिठागरातून पोतंभर मीठ आणायची आणि सर मिठानं रेषा आखायचे. चांगुणा आमची सगळ्यांत उंच खेळाडू. अनवाणी खेळायची, आणि पायाला भेग असली तर मिठाच्या रेषेवरून उडी मारून जायची.

मुली चांगल्या खेळत, पण बघायला कोणी येत नसे. यायचे ते शेजारच्या शाळेतले मुलगे. ते कुंपणाच्या भिंतीवर बसायचे आणि आमच्या मुलीनं फ्री थ्रोसाठी बॉल उचलला रे उचलला की कालवा सुरू. शिट्ट्या, आरोळ्या, “पडली, पडली!”, “ओढणी सांभाळ गं!” आमची कप्तान सुमन मोकळ्या मैदानावर डोळे मिटून बॉल टाकेल अशी, पण त्या कालव्यात तिचे थ्रो एकामागून एक हुकत.

असल्याच एका सामन्याला बाई मुलींसाठी रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि सरळ भिंतीपाशी गेल्या. आता मुलांना बोलणी बसणार, असं आम्हाला वाटलं.

“अरे, हा काय आवाज आहे?” बाई म्हणाल्या. “सारखी कावकाव, कावकाव. ह्याची सवय होते माणसाला. गिरणीत काम करणारा गिरणीतच झोपतो, ठाऊक आहे ना? आणि ओढणीचं कोण बोललं? तू? आवाज काढायचा तर आवाज काढ. मुलीची अब्रू कशाला काढतोस?”

तो मुलगा भिंतीवरून पलीकडच्या बाजूला उतरला आणि पुन्हा दिसला नाही. बाई परत आल्या, लाडवाचा डबा घेतला आणि विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी फोडणीच्या तासाचं कपाट मैदानावर आलं.

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, हे मुळीच पसंत नव्हतं. ताटं वाजायला लागली तशा त्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या.

“टिपणीसबाई, हे आता थांबवा.”

“लांबवू?” बाई खुशीत म्हणाल्या. “लांबवते की! अजून अर्धा तास?”

मोठ्या बाई वळून आत गेल्या. ही गोष्ट दुपारपर्यंत शाळाभर आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात पसरली. टिपणीसबाई कोणाला भीत नाहीत, असं तेव्हापासून लोक कौतुकानं म्हणू लागले. बाईंच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी धैर्याचा काही संबंध नव्हता, हे मला फार पुढं कळलं.

आवाजाबद्दल बाईंची मतं ठाम होती. सतत आवाज करणं म्हणजे तेल वाया घालवणं. आधी शांतता पाहिजे. समोरची मुलगी बॉल घेऊन रेषेवर आली की आपण सगळ्यांनी हातातलं खाली ठेवायचं आणि गप्प बसायचं. इतकं गप्प की तिलाच तिचा श्वास ऐकू यावा. तिला वाटलं पाहिजे, वा, किती सभ्य माणसं आहेत! मग तिचे गुडघे वाकले, हात वर निघाले, की एकच ताट. दगडावर, काठाच्या बाजूनं.

“एकच का, बाई?” सुमननं विचारलं.

“घरात ताट आदळलं की तुला पहिल्यांदा काय वाटतं?”

सुमननं विचार केला. “कोण रागावलं, असं.”

“आणि मग?”

“मग… माझं काय चुकलं, असं.”

“झालं तर. पराती आपटल्या तर नुसता आवाज. एक ताट आदळलं की घरातली प्रत्येक मुलगी मनात आपलीच चूक शोधायला लागते. तेवढ्यात बॉल कुठं जायचा तिकडे जातो.” मग त्या म्हणाल्या, “म्हणून आपल्या मुलींना मी रोज ऐकवते. ह्यांची तरी सवय मोडू दे.”

आणि खरंच, सरावाच्या वेळी त्या आमच्याच मुलींच्या कानाशी ताटं आदळत. पहिले काही दिवस मुली दचकत, पुढं पुढं त्यांनी दचकणं सोडून दिलं. सुमनचे थ्रो जाळ्यात पडू लागले. चांगुणाला तर पहिल्यापासूनच काही झालं नाही.

“आमच्या घरान समदी एकदम बोलतान, बाई,” ती म्हणाली. “बा, आजी, काका, कोंबड्या. मना ताटाचं काय व्हनार नाय.”

बाईंचे नियमही होते. कोणाचं नाव घ्यायचं नाही. कोणाच्या रंगाबद्दल, उंचीबद्दल, बापाबद्दल बोलायचं नाही. पडलेल्या मुलीवर आवाज करायचा नाही. आणि एवढं करून तिनं बास्केट केलीच, तर पहिली टाळी आपली. ती टाळी बाई स्वतः वाजवत, आणि मनापासून.

अलिबागच्या संघाविरुद्ध त्यांनी ताटही वापरलं नाही. त्यांची एक मुलगी ताटांना दाद देत नव्हती. चेहरा दगडासारखा. शेवटी शेवटी तिला फ्री थ्रो मिळाला. सगळं मैदान ताट पडायची वाट पाहत होतं, ती मुलगीही. तिनं हात वर नेले आणि बाई, अगदी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलावं तशा साध्या आवाजात, म्हणाल्या,

“अगं, दूध उतू जातंय!”

मुलगी गर्रकन वळली. बॉल तिच्या हातातून निसटून बोर्डाच्या मागं गेला. वळली ती एकटी नव्हे. मैदानाभोवतीच्या झाडून सगळ्या बायका वळल्या. एक तर चपला घालून चार पावलं चालूही लागली, आणि मग आपण घरी नाही हे आठवून परत फिरली. पंचांनी तोंडावर रुमाल धरला. ती अलिबागची मुलगी सामना संपल्यावर बाईंकडे आली, पाया पडली आणि म्हणाली, “बाई, खरंच उतू गेलं असं वाटलं हो!”

वळली नाही ती फक्त चांगुणा. बाईंनी तिला कारण विचारलं.

“आमच्याकडं दूध चहापुरतंच येतं, बाई. उतू जायाला आदी टोपान ऱ्हायाला तं पायजे.”

बाई हसता हसता थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून सरावानंतर फोडणीच्या खोलीत मुलींना पेलाभर दूध मिळू लागलं. शाळेच्या कोणत्या नियमात ते बसत होतं, मी विचारलं नाही.

त्याच दुधामुळं मला ते खरं कारण कळलं.

एका संध्याकाळी कसलीशी किल्ली मागायला मी फोडणीच्या खोलीत गेले. बाई एकट्याच होत्या. शेगडीकडे पाठ करून त्या कपाटातले पेले पुसत होत्या. शेगडीवर दुधाचं पातेलं, आणि साय फुगून काठाशी आलेली.

“बाई, दूध,” मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा म्हटलं. दूध उतू गेलं, निखाऱ्यांवर पडून चर्र चर्र आवाज करू लागलं, आणि जिनं अर्ध्या जिल्ह्याला ‘दूध उतू जातंय’ ह्या तीन शब्दांवर वळायला लावलं होतं ती बाई शांतपणे पेला पुसत राहिली. मग जळका वास आला तेव्हा त्या वळल्या. आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू हाक मारली होतीस ना?”

मी मान हलवली.

बाईंनी फडक्यानं पातेलं उतरवलं. बराच वेळ शेगडी पुसली. मग म्हणाल्या, “डावा कान केव्हाच गेला. उजवाही निघालाय. सामान बांधतोय.”

“डॉक्टर?” मी विचारलं.

“मोठ्यानं, पोरी. आता तरी मोठ्यानं.” त्या हसल्या. “ओठ दिसले की मला निम्मं कळतं, उरलेलं मी जुळवते. तुझे ओठच हलत नाहीत. सगळ्या शाळेत मला सगळ्यांत कमी ऐकू येतं ते तुझं.”

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसू लागली. ताक. लांबवू. जबड्याला टेकवलेलं ताट, कारण हाडातून नाद कळतो. वर्गातली शांतता, एका वेळी एकच मुलगी, बाईंकडे तोंड करून. मैदानावर पंचांची शिट्टीही त्यांना ऐकू येत नसे. बाई पंचांचे फुगलेले गाल पाहत, आणि फ्री थ्रो टाकणारीचे गुडघे. म्हणूनच त्यांचं ताट कधी क्षणभरही आधी किंवा नंतर पडलं नाही. ऐकणाऱ्या माणसाला ते जमलंच नसतं.

“कोणाला सांगू नकोस,” बाई म्हणाल्या. “चित्रकलेच्या बाईंचं काय झालं ते पाहिलंस ना? दिसेनासं झालं तशी शाल-नारळ देऊन घरी. मुलींचं बोलणं ऐकू न येणारी बाई शाळेला काय कामाची? भावाच्या घरी कोपऱ्यात बसून मी काय करू गं? एवढ्यात मला शाल नको. मुली मोठ्या होऊ देत ह्या.”

मी कोणाला सांगणार होते? मला सांगायची सवयच नव्हती.

त्यानंतर शिक्षकांच्या सभांत मी त्यांच्या उजव्या बाजूला बसू लागले. कोणी त्यांना काही विचारलं की टेबलाखाली त्यांच्या कोपराला बोट लावायचं, आणि मग ओठ नीट हलवून हळूच प्रश्न सांगायचा. मला बोलता येत नव्हतं, बाईंना ऐकता येत नव्हतं, आमचं छान जुळलं. घरी आई म्हणाली, “तू हल्ली शब्द चावून चावून बोलतेस, हे कुठून शिकलीस?”

पण मोठ्या बाईंना संशय आला होता. त्या अलीकडे बाईंना पाठमोऱ्या असताना हाक मारून पाहत. “टिपणीसबाई!” मी शेजारी असले तर बोट लावायची. नसले तर काय होत असेल, ह्या विचारानं माझं तासात लक्ष लागत नसे. एकदा मोठ्या बाईंनी मलाच विचारलं, “काय हो, टिपणीसबाईंना नीट ऐकू येतं ना?” मी म्हटलं, “माझंच बोलणं हळू आहे.” ते खोटं नव्हतं.

बाईंना पुढं शाल मिळाली, पण ती त्यांच्या वेळेला, नोकरीची सगळी वर्षं पुरी झाल्यावर. त्या आता पेणला धाकट्या बहिणीकडे असतात. ठाण्याविरुद्धच्या त्या सामन्यात एका गुणानं मिळवलेला चषक मोठ्या बाईंच्या खोलीतल्या कपाटात आहे. मी त्या खोलीत गेले की तो दिसतो, आणि त्याच्या पितळेत मला बाई दिसतात त्या भावाच्या घरातल्या कोपऱ्यात नव्हे, पेणलाही नव्हे, तर त्या संध्याकाळी मैदानाच्या पलीकडे दिसल्या तशा.

त्या दिवशी गुण लिहायला बसणारा माणूस आला नाही. सावंतसर माझ्याकडे आले. “गुण लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं,” ते म्हणाले. “म्हणून तुम्हीच बऱ्या.” मला नाही म्हणायचं होतं, पण तेही बोलावंच लागलं असतं. अशी मी मैदानाच्या ह्या बाजूला आले आणि बाई त्या बाजूला राहिल्या. मध्ये सगळं मैदान. माझं बोट तिथवर पोचणार नव्हतं. बाईंच्या मागंच, खुर्चीवर, मोठ्या बाई बसल्या होत्या.

पंच नवे होते, ठाण्याच्याही पलीकडचे कुठले तरी. खाकी अर्धी विजार, गळ्यात शिट्टी, कपाळाला आठ्या. पहिल्याच ताटाला ते दचकले आणि ते त्यांना आवडलं नाही. सामना कमी-जास्त होत शेवटाला आला तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो. काही क्षण उरले असताना सुमनचा धक्का लागला. शिट्टी. ठाण्याच्या कप्तानाला एक फ्री थ्रो. पडला तर बरोबरी.

बाईंनी ताट उचललं. पण पंचांनी बॉल दिलाच नाही. ते मैदानाच्या मधोमध येऊन उभे राहिले, तोंड आमच्या टेबलाकडे आणि पाठ बाईंकडे.

“आता पुरे!” ते म्हणाले. “ह्या थ्रोच्या वेळी ताट वाजलं तर टेक्निकल फाउल. ठाण्याला आणखी एक थ्रो मिळेल. आणि वाजवणाऱ्याला मैदानाबाहेर काढीन, मग ती शिक्षिका असली तरी. माझ्या मैदानावर आता एकच शब्द चालेल, ‘गप्प बसा’!”

आवाज खणखणीत होता. भिंतीवरच्या मुलांनी ऐकला, मोठ्या बाईंनी ऐकला. सतरंजीवरच्या मुलींनी एकेक करून पळ्या, उलथनी, पराती खाली ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन चिडीचूप बसल्या.

बाईंनी मागं वळून मुलींकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

का फुलला ते माझ्या लक्षात आलं आणि माझ्या हातातली पेन्सिल घरंगळली. बाईंना पंचांचे ओठ दिसले नव्हते. त्यांना दिसलं ते एवढंच, की न सांगता मुलींनी सगळं खाली ठेवलं आणि शांतता केली. आधी शांतता. अखेर ह्या मुली शिकल्या, असंच त्यांना वाटलं असणार. आता राहिलं ते एक ताट, आणि ते बाईंच्या हातात होतं.

मागच्या मुली घाबरून एकमेकींकडे पाहत होत्या. बाईंना अडवायची त्यांची छाती नव्हती. त्यांना वाटत होतं, लांबवू म्हणणाऱ्या बाई पंचांनाही जुमानणार नाहीत. मोठ्या बाई मात्र खुर्चीत पुढं झुकल्या होत्या. त्यांची नजर बाईंच्या पाठीवर होती, आणि ती नजर मला चांगली ओळखीची होती.

ठाण्याच्या कप्तानानं बॉल दोनदा आपटला. सगळीकडे शांत. तिचे गुडघे वाकले. पलीकडे बाईंचा हात वर गेला, ताट काठावर वळलं.

मी उभी राहिले. माझी खुर्ची मागं पडली. माझ्या तोंडून काहीतरी निघालं, आणि ते माझ्याच तोंडून निघालं हे मला निघाल्यावर कळलं. इतका मोठा आवाज माझ्याकडे होता, हे मलाच ठाऊक नव्हतं.

कप्तानाचे हात वरच्या वर थबकले. बॉल रिंगवर आपटला, काठावरून एक फेरी फिरला आणि बाहेर पडला. चांगुणानं तो झेलून पोटाशी धरला आणि वेळ संपली. पलीकडे बाईंचं ताट हवेतच राहिलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. पण मी उभी राहिलेली त्यांना दिसले होते, आणि मी उभी राहिले म्हणजे काहीतरी मोठं घडलं, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी ताट अलगद छातीशी धरलं, त्याचा जराही नाद होऊ न देता.

मग एकच गलका झाला. “फाउल! फाउल!” ठाण्याचा बाक उभा राहिला. “टेबलावरून ओरडल्या! आम्ही ऐकलं!” पंचांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना गप्प केलं आणि तरातरा माझ्यासमोर आले.

“तुम्ही? गुण लिहिणाऱ्या? काय ओरडलात?”

मी सांगितलं. पण आवाज पुन्हा घडीत जाऊन बसला होता.

“काय? शब्द कळले पाहिजेत मला. शब्दांवर निकाल आहे.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कान पुढं केला. मैदान स्तब्ध झालं. मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या होत्या. आणि पलीकडून, त्या सगळ्या शांततेतून, तो आवाज आला. बाई सतरंजीवर उभ्या होत्या, एक हात ताटावर, दुसरा उजव्या कानामागं.

“मोठ्यानं, पोरी! मोठ्यानं!”

लोक हसले. मोठ्या बाईही हसल्या. गेली दोन वर्षं सगळ्या शाळेनं ऐकलेलं ते वाक्य, नव्या मुलीची भीड मोडायचं. त्यात कोणाला काही वेगळं दिसलं नाही.

मी टेबलाला धरून सरळ उभी राहिले, चेहरा बाईंकडे केला, ओठ नीट हलतील असं पाहिलं, आणि भिंतीवरच्या मुलांना, मोठ्या बाईंना, पंचांना आणि बाईंनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

“बाई, गप्प बसा!”